संसदेचे सचिवालय : स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व

१

भारतीय संविधानाच्या ९८ व्या अनुच्छेदाचे तीन खंड आहेत. पहिल्या खंडाने संसदेच्या प्रत्येक सभागृहास स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग दिला असून दोन्ही सभागृहांना समाईक अशी पदे निर्माण करण्याची मुभाही ठेवली आहे. दुसऱ्या खंडाने या कर्मचाऱ्यांची भरती व सेवाशर्ती कायद्याने विनियमित करण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. तिसऱ्या खंडानुसार असा कायदा होईपर्यंत राष्ट्रपतींना लोकसभेच्या अध्यक्षांशी अथवा राज्यसभेच्या सभापतींशी विचारविनिमय करून नियम करता येतात. तिसऱ्या खंडाचे स्वरूप उघडच तात्पुरते आहे. त्याच्या आधारे लोकसभा सचिवालयासाठी १९५५ साली आणि राज्यसभा सचिवालयासाठी १९५७ साली नियम करण्यात आले. दुसऱ्या खंडात अभिप्रेत असलेला कायदा मात्र संसदेने आजवर केलेला नाही. देशातील प्रत्येक खात्यासाठी, मंडळासाठी आणि विद्यापीठासाठी कायदे करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या घरच्या कारभाराविषयी सात दशके मौन पाळावे, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही.

संसदीय राज्यपद्धतीच्या अभ्यासकांनी या मौनाची फारशी दखल घेतलेली नाही. सचिवालय म्हटले की टपाल, टिपणे, मुद्रण, आस्थापना आणि इमारतीची देखभाल एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. सदस्याने दिलेली प्रश्नाची सूचना नियमांत बसते की नाही याची पहिली छाननी सचिवालयात होते. स्थगन प्रस्तावाच्या किंवा विशेषाधिकारभंगाच्या सूचनेवर अध्यक्षांपुढे जाणारे टिपण तेथेच तयार होते. समितीपुढे साक्षीस येणाऱ्या खात्याला विचारावयाच्या प्रश्नांची यादी आणि समितीच्या अहवालाचा पहिला मसुदा यांवर सचिवालयातील अधिकाऱ्यांचाच हात फिरलेला असतो. अखेरचा निर्णय अध्यक्षांचा किंवा समितीचा असतो हे खरे. परंतु निर्णयासमोर कोणते पर्याय मांडले जावेत हे बहुतांशी टिपण लिहिणाराच ठरवीत असतो. सत्तारूढ पक्षाच्या सदस्याला मंत्र्यांपर्यंत पोचण्याचे इतर मार्ग मोकळे असतात. विरोधी बाकांवरील एकाकी सदस्यास मात्र सचिवालयाच्या निःपक्षपाती साहाय्यावाचून दुसरा आधार नसतो. म्हणून संसदेच्या प्रशासनावर कोणाचे नियंत्रण असावे, हा प्रश्न आस्थापनेपुरता मर्यादित राहत नाही. शासनाला जाब विचारण्याची संसदेची शक्ती त्याच्याशी निगडित आहे.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, सचिवालय कार्यकारी सत्तेपासून स्वतंत्र असावे आणि त्याचे सर्व नियंत्रण पीठासीन अधिकाऱ्याच्या हाती असावे. हे उत्तर ज्या परिस्थितीत घडले ती परिस्थिती आज उरलेली नाही. शासनापासून स्वातंत्र्य आणि सभागृहाप्रती उत्तरदायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय व्यवस्थेने पहिलीची जोपासना केली. दुसरीचा विचार अध्यक्षपदाच्या प्रतिष्ठेवर सोपवून दिला.

२

या व्यवस्थेचे मूळ समजून घेण्यासाठी ब्रिटिश अमदानीतील विधिमंडळाकडे वळावे लागते. १९१९ च्या कायद्यान्वये १९२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या मध्यवर्ती लेजिस्लेटिव्ह असेंब्लीला स्वतःचे असे कार्यालय नव्हते. तिचे काम भारत सरकारच्या विधिखात्याकडून चाले. असेंब्लीचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे नियुक्त अध्यक्ष होते. त्यामुळे या व्यवस्थेतील विसंगती फारशी जाणवली नाही. ऑगस्ट १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल हे पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले आणि ती प्रकर्षाने पुढे आली. अध्यक्षांना सल्ला देणारा अधिकारी सरकारचा नोकर. त्याची बढती, बदली आणि वेतन सरकारच्या हाती. आणि अध्यक्षांनी निर्णय द्यावयाचा तो बहुधा सरकार व निर्वाचित सदस्य यांच्यातील वादात! अशा स्थितीत सल्ला प्रामाणिक असला तरी त्यावर विश्वास बसणे कठीण होते.

पटेल यांनी या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा केला. सप्टेंबर १९२८ मध्ये मोतीलाल नेहरू यांनी असेंब्लीसाठी स्वतंत्र खाते असावे असा ठराव मांडला व तो संमत झाला. १० जानेवारी १९२९ पासून लेजिस्लेटिव्ह असेंब्ली डिपार्टमेंट या नावाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. औपचारिक दृष्ट्या ते गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत ठेवण्यात आले होते, पण प्रत्यक्ष कारभार अध्यक्षांकडे आला. ही तडजोड होती. तरीही एका परतंत्र देशाच्या विधिमंडळाने आपल्या कार्यालयाचा ताबा सरकारकडून मिळवावा, ही घटना लहान नव्हती. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न निर्माण झाला. त्या वेळीही सभागृहाच्या आवारात सरकारी पोलिसांचा अंमल असावा की अध्यक्षांचा, या मुद्द्यावर पटेल ठाम राहिले. पुढे संसद सुरक्षा सेवा या नावाने ओळखल्या गेलेल्या पहारा व्यवस्थेचा उगम १९२९ मधील या घडामोडींत आहे.

स्वातंत्र्यानंतर ग. वा. मावळंकर यांनी हीच परंपरा पुढे चालविली. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्यात जन्मलेले आणि गुजरातच्या सार्वजनिक जीवनात वाढलेले मावळंकर १९४६ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले. त्यांच्या कारकिर्दीतील एका बदलाचे महत्त्व विशेष आहे. १९५० पर्यंत लोकलेखा समितीचे अध्यक्षस्थान वित्तखात्याच्या प्रमुखाकडे असे व समितीचे कार्यालयीन कामही तेच खाते पाहत असे. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यानेच तपासनिसाचे दप्तर सांभाळावे, असा हा प्रकार होता. संविधानाच्या अंमलाबरोबर ही समिती संसदेची समिती झाली आणि तिचे काम संसदेच्या सचिवालयाकडे आले. त्याच वर्षी अंदाज समितीही स्थापन झाली. सचिवालयाचे स्वातंत्र्य ही अमूर्त तत्त्वाची बाब नसून तिच्यावर वित्तीय नियंत्रणासारखी ठोस कार्ये अवलंबून असतात, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

संविधानाच्या मूळ मसुद्यात आजच्या ९८ व्या अनुच्छेदाशी जुळणारी तरतूद नव्हती. १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुच्छेद ७९-अ म्हणून ती संविधान सभेपुढे मांडली. पटेल यांनी झगडून मिळविलेल्या गोष्टीला अशा रीतीने संवैधानिक मान्यता लाभली.

मात्र येथेच एक सूक्ष्म फरक ध्यानात घ्यावयास हवा. १९२९ मध्ये अध्यक्ष सभागृहाने निवडलेला होता आणि कार्यकारी सत्ता सभागृहाला जबाबदार नव्हती. त्यामुळे अध्यक्षाच्या हाती सत्ता जाणे म्हणजे सभागृहाच्या हाती सत्ता जाणे, हे समीकरण त्या काळी यथार्थ होते. १९५२ नंतर मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतातून निर्माण होऊ लागले आणि अध्यक्षाची निवडही त्याच बहुमताने होऊ लागली. समीकरणाची एक बाजू पार बदलली. समीकरण मात्र तसेच राहिले.

३

संविधानातील इतर स्वायत्त संस्थांशी तुलना केल्यास संसदेच्या सचिवालयाची स्थिती किती विलक्षण आहे हे स्पष्ट होते. १४६ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियम, संसदेच्या कायद्याच्या अधीन राहून, सरन्यायाधीश अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला न्यायाधीश किंवा अधिकारी करतो. वेतन, भत्ते, रजा व निवृत्तिवेतन एवढ्याच बाबींपुरती राष्ट्रपतींची मान्यता लागते. संसदेच्या बाबतीत नियमकर्ते राष्ट्रपती असून पीठासीन अधिकाऱ्याचे स्थान विचारविनिमयापुरते आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे अक्षरार्थाने पाहता, न्यायालयाला आपल्या कर्मचाऱ्यांवर जो अधिकार आहे तेवढाही संविधानाने संसदेच्या पीठासीन अधिकाऱ्यांना प्रत्यक्षपणे दिलेला नाही. १९५५ व १९५७ च्या नियमांनी दैनंदिन अधिकार अध्यक्ष व सभापती यांच्याकडे सोपविले, त्यामुळे व्यवहारात ही उणीव जाणवत नाही. पण जे नियमाने मिळाले आहे ते नियमाने काढूनही घेता येते.

खर्चाच्या बाबतीतही असेच दिसते. सर्वोच्च न्यायालय, नियंत्रक व महालेखापरीक्षक आणि संघ लोकसेवा आयोग यांचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित आहे. संसदेच्या बाबतीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती व उपसभापती यांची वेतने व भत्ते तेवढे भारित आहेत. सचिवालयांचा खर्च दत्तमत आहे, म्हणजे त्यास लोकसभेची संमती लागते. यात तत्त्वतः वावगे काहीच नाही. आपल्या घरखर्चाला सभागृहाने स्वतः संमती द्यावी हेच योग्य होय. परंतु ही संमती अर्थपूर्ण होण्यासाठी तिच्यामागे विचारपूर्वक छाननी असावी लागते. प्रत्यक्षात अर्थसंकल्पी अधिवेशनात बहुसंख्य खात्यांच्या मागण्या वेळेअभावी चर्चेवाचून एकत्रित मतास टाकल्या जातात, आणि संसदेच्या स्वतःच्या खर्चाला त्या गर्दीत वेगळे स्थान मिळत नाही. अशा रीतीने भारित खर्चाचे संरक्षणही नाही आणि दत्तमत खर्चाची खरी चिकित्साही नाही, अशी मधली अवस्था निर्माण झाली आहे.

कर्मचाऱ्यांच्या दृष्टीनेही हे वेगळेपण महत्त्वाचे आहे. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाच्या दुसऱ्या कलमाने संसदेच्या सचिवालयीन कर्मचाऱ्यांना त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यास सेवाविषयक तक्रारीसाठी जे न्यायाधिकरण उपलब्ध आहे ते संसदेच्या कर्मचाऱ्यास नाही. त्याला उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज घेऊन जाणे भाग पडते. संसदेची स्वायत्तता जपण्यासाठी हा अपवाद केला असे समर्थन करता येईल. पण अपवाद करून बाहेरचा दरवाजा बंद केला असता आतला दरवाजा उघडणे कर्तव्य ठरते. आत कोणतेही वैधानिक अपील मंडळ नाही. नियम करणारा कार्यकारी सत्तेचा औपचारिक प्रमुख, ते अमलात आणणारा पीठासीन अधिकारी, आणि अंतिम निर्णयही त्याचाच, अशी ही रचना आहे.

४

या विषयावरील प्रमाणभूत ग्रंथ म्हणजे एम. एन. कौल व एस. एल. शकधर यांचा १९६८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ‘प्रॅक्टिस अँड प्रोसीजर ऑफ पार्लमेंट’ हा होय. दोन्ही लेखक लोकसभेचे सचिव होते. या सचिवालयाची घडण बव्हंशी त्यांच्याच हातून झाली. सामग्रीची विपुलता व अचूकपणा या दृष्टींनी या ग्रंथाला भारतात तोड नाही. तथापि व्यवहाराचे वर्णन करणे हे त्याचे प्रयोजन आहे आणि वर्णन करणारे त्या व्यवहाराचे कर्तेही आहेत. त्यामुळे जे चालत आले ते का चालत आले व तसेच चालावे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. दोष त्या ग्रंथाचा नव्हे. त्याला आधारग्रंथ मानून तेथेच थांबणाऱ्या पुढील अभ्यासाचा तो दोष आहे. सचिवालयाने लिहिलेला सचिवालयाचा इतिहास हा अभ्यासाचा आरंभबिंदू असू शकतो, शेवट नव्हे.

अध्यक्षांना प्रशासनात साहाय्य करण्यासाठी समित्या नाहीत असे नाही. सदस्यांच्या निवासव्यवस्थेसाठी आवास समिती आहे, ग्रंथालयासाठी समिती आहे, वेतन-भत्त्यांसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती आहे. सर्वसाधारण प्रयोजन समितीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती-तालिकेवरील सदस्य, संसदीय समित्यांचे अध्यक्ष व मान्यताप्राप्त पक्षांचे नेते यांचा समावेश असतो. रचनेच्या दृष्टीने सभागृहाच्या कारभाराचे सामूहिक मंडळ म्हणून ही समिती सर्वस्वी योग्य ठरली असती. पण तिचे कार्य सल्ला देण्यापुरते आहे. अंदाजपत्रक संमत करणे, वरिष्ठ नेमणुकांस मान्यता देणे, कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणे यांपैकी एकही अधिकार तिच्याकडे नाही.

पीठासीन अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा संवैधानिक मार्ग एकच, तो म्हणजे पदच्युतीचा ठराव. लोकसभेच्या अध्यक्षांसाठी ९४ व्या अनुच्छेदानुसार चौदा दिवसांची सूचना आणि सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांचे बहुमत आवश्यक आहे. राज्यसभेचे सभापती तर उपराष्ट्रपती या नात्याने पदसिद्ध असतात. ते त्या सभागृहाचे सदस्यही नसतात, आणि त्यांना पदावरून दूर करण्यास राज्यसभेच्या ठरावाला लोकसभेची सहमती लागते. एखाद्या नेमणुकीविषयी किंवा खर्चाविषयी शंका उपस्थित करण्यासाठी एवढे अंतिम शस्त्र उपसावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्याहून सौम्य असे दुसरे साधन उपलब्ध नाही. टोकाचे साधन आणि संपूर्ण मौन यांच्यामधली जागा रिकामी आहे.

ही जागा रिकामी असल्याचे परिणाम अलीकडच्या काळात दिसून आले. सतराव्या लोकसभेच्या २०१९ ते २०२४ या संपूर्ण कालावधीत उपाध्यक्षाची निवड झाली नाही. ९३ व्या अनुच्छेदानुसार ही निवड शक्य तितक्या लवकर करावयाची असते. परंपरेने हे पद बहुधा विरोधी पक्षाकडे जात असल्याने, प्रशासनाच्या शिखराजवळ विरोधी पक्षाचा जो एकमेव प्रतिनिधी असू शकला असता तोही त्या पाच वर्षांत नव्हता. मार्च २०२३ मध्ये राज्यसभेच्या सभापतींनी आपल्या व्यक्तिगत कार्यालयांतील आठ अधिकाऱ्यांना वीस समित्यांच्या कामाशी जोडून दिले. विरोधी सदस्यांनी याला आक्षेप घेतला. समित्यांची कार्यक्षमता वाढावी या हेतूने व विचारविनिमयान्तीच हे केले, असे सभापतींचे म्हणणे होते. हेतूची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. गोपनीय विचारविनिमय करणाऱ्या समित्यांमध्ये कोणी बसावे यासारखा निर्णय एका स्वाक्षरीने होऊ शकतो आणि तो आधी तपासून पाहणारे कोणतेही सर्वपक्षीय मंडळ अस्तित्वात नाही, हा खरा मुद्दा होय. असे मंडळ असते तर कदाचित निर्णय तोच झाला असता. पण त्याबद्दलचा संशय टळला असता.

५

अध्यक्षांनंतर प्रशासनाची धुरा महासचिवांवर असते. १९७३ पर्यंत या पदाचे नाव सचिव असे होते. कौल हे १९६४ पर्यंत आणि शकधर हे १९७७ पर्यंत लोकसभेचे सचिवपद सांभाळीत होते. राज्यसभेत संविधानाच्या मसुद्याचे काम केलेले एस. एन. मुखर्जी १९५२ पासून १९६३ पर्यंत सचिव होते. या दीर्घ कारकिर्दींमुळे संसदीय सेवा हा एक स्वतंत्र पेशा आहे आणि त्याच्या निष्ठा शासकीय सेवेहून वेगळ्या आहेत, ही भावना रुजली. सभागृहाचा सचिव हा उद्या एखाद्या खात्याचा सचिव होणार नाही आणि काल तो एखाद्या खात्याचा सचिव नव्हता, या जाणिवेत सदस्यांच्या विश्वासाचे मूळ होते.

पुढील काळात ही परंपरा क्षीण झाली. २०१७ मध्ये लोकसभेच्या महासचिवपदी आलेल्या स्नेहलता श्रीवास्तव आणि २०२० मध्ये आलेले उत्पलकुमार सिंह हे दोघेही भारतीय प्रशासकीय सेवेतील होते. राज्यसभेत सप्टेंबर २०२१ मध्ये पी. पी. के. रामाचार्युलु यांची सचिवालयाच्याच सेवेतून महासचिवपदी नियुक्ती झाली. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या जागी भारतीय महसूल सेवेतून निवृत्त झालेले पी. सी. मोदी यांची नेमणूक झाली. या नेमणुकांत बेकायदेशीर असे काही नव्हते, आणि बाहेरचा अनुभव सचिवालयाला पोषक ठरू शकतो हेही मान्य केले पाहिजे. वर उल्लेखिलेले मुखर्जी स्वतः संविधान सभेच्या कार्यालयातून आलेले होते. तरीदेखील दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. ज्याने उभी हयात मंत्र्यांच्या हाताखाली काम केले त्याच्यावर मंत्र्यांना प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाच्या सेवेचे नेतृत्व सोपविण्यात १९२८ पूर्वीच्या व्यवस्थेची छाया दिसते. आणि सचिवालयात आयुष्य घालविणाऱ्या अधिकाऱ्याला सर्वोच्च पद सहसा आपल्याला मिळणार नाही असे एकदा कळून चुकले की, स्वतंत्र पेशाची ती भावनाच हळूहळू मावळते.

सुरक्षेच्या क्षेत्रातही असेच घडले. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेच्या सभागृहात उड्या घेऊन रंगीत धूर सोडला. चौकशीचे काम गृहमंत्रालयाने नेमलेल्या समितीकडे गेले, आणि मे २०२४ पासून संसद संकुलाच्या संरक्षणाचे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले. संकटाची तीव्रता पाहता अशा दलाची गरज नाकारता येणार नाही. संसदेवरील २००१ सालच्या सशस्त्र हल्ल्याची स्मृती अद्याप ताजी आहे. तथापि १९२९ च्या घटनेनंतर सभागृहाने स्वतःची पहारा व्यवस्था उभी केली आणि २०२३ च्या घटनेनंतर पारडे शासकीय दलाकडे झुकले, हा फरक नोंदविण्याजोगा आहे. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाचे कामही केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फतच झाले. घर कोणी बांधावे, दाराशी कोणी उभे राहावे आणि दप्तर कोणी सांभाळावे, या तिन्ही बाबतींत कार्यकारी सत्तेचा वावर वाढत असताना, त्यावर सभागृहाच्या वतीने सामूहिक विचार करणारे व्यासपीठ नाही.

६

ज्या संसदेचे अनुकरण भारताने बऱ्याच अंशी केले त्या ब्रिटिश संसदेचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. हाउस ऑफ कॉमन्सचा कारभार १८१२ च्या एका कायद्यान्वये काही आयुक्तांकडे सोपविलेला होता. अध्यक्षांखेरीज हे आयुक्त मुख्यतः मंत्री व सरकारचे विधी अधिकारी होते. व्यवहारात अध्यक्षच बहुतेक निर्णय घेत आणि खर्चाच्या दोऱ्या वित्तखात्याच्या हाती राहत. १९७५ मध्ये बॉटमली समितीने या व्यवस्थेची चिकित्सा केली आणि त्यातून १९७८ चा हाउस ऑफ कॉमन्स प्रशासन कायदा झाला. या कायद्याने हाउस ऑफ कॉमन्स कमिशन स्थापन केले. त्यात अध्यक्ष, सभागृहनेता, विरोधी पक्षनेत्याने नामनिर्देशित केलेला एक सदस्य आणि सभागृहाने नेमलेले, मंत्री नसलेले तीन सदस्य अशी रचना होती. कर्मचाऱ्यांची नेमणूक करणे व सभागृहाचे अंदाजपत्रक सादर करणे हे अधिकार या मंडळाला मिळाले. कर्मचाऱ्यांच्या वेतन-सेवाशर्ती शासकीय सेवेशी साधारणतः सुसंगत असाव्यात असे बंधनही कायद्याने घातले. एका व्यक्तीचे अधिकार कमी करूनही सभागृहाचे शासनापासूनचे स्वातंत्र्य वाढविता येते, हे या सुधारणेने दाखवून दिले.

अर्थात ब्रिटिश व्यवस्था निर्दोष ठरली असे नव्हे. २०१४ मध्ये क्लार्क ऑफ द हाउस या सर्वोच्च पदासाठी ऑस्ट्रेलियातील एका अधिकाऱ्याच्या निवडीवरून मोठा वाद झाला. कार्यपद्धतीचे ज्ञान आणि व्यवस्थापनाचे कौशल्य या दोन गुणांचा मेळ एकाच पदात घालावा काय, हा त्या वादाचा गाभा होता. जॅक स्ट्रॉ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने क्लार्कचे पद कायम ठेवून त्याच्या जोडीला महासंचालकाचे पद निर्माण करावे अशी शिफारस केली. २०१५ च्या कायद्याने कमिशनमध्ये संसदेबाहेरील सदस्यांनाही स्थान मिळाले. २०१८ मध्ये डेम लॉरा कॉक्स यांच्या अहवालाने तेथील कर्मचाऱ्यांना सोसाव्या लागणाऱ्या अपमान व छळाचे चित्र उघड केले आणि अशा तक्रारींच्या चौकशीसाठी सदस्यांपासून स्वतंत्र यंत्रणा असावी या मागणीला बळ मिळाले. या घटनांवरून सामूहिक मंडळ निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. वाद झाला तेव्हा तो मांडण्यास जागा होती आणि तक्रारी बाहेर आल्या तेव्हा कोणाला उत्तरदायी धरावे हे ठाऊक होते, हेच त्यांचे तात्पर्य आहे.

कॅनडाचा अनुभव आणखी एक धडा देतो. तेथील हाउस ऑफ कॉमन्सचे बोर्ड ऑफ इंटर्नल इकॉनॉमी १८६८ पासून अस्तित्वात आहे. मात्र १९८५ पर्यंत त्यात अध्यक्षांबरोबर केवळ मंत्री असत. म्हणजे सामूहिक मंडळ होते, पण ते शासनाचेच होते. त्यानंतर विरोधी पक्षांना स्थान मिळाले आणि २०१७ मध्ये बोर्डाच्या बैठका सर्वसाधारणपणे जाहीर घेण्याची तरतूद झाली. केवळ मंडळ स्थापन केल्याने भागत नाही. त्यात कोण बसते आणि ते कोणाच्या डोळ्यांदेखत काम करते यावर त्याची किंमत ठरते.

७

भारतात असा कायदा करण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, कायदा झाल्यास त्याचा मसुदा मंत्रालयात होईल व त्या वाटेने कार्यकारी सत्ता सचिवालयात शिरेल. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो उलटविताही येतो. आज लागू असलेले नियम राष्ट्रपतींच्या नावाने, म्हणजेच औपचारिक दृष्ट्या कार्यकारी सत्तेकडून झालेले आहेत. कायद्यावर निदान दोन्ही सभागृहांत चर्चा होईल व विरोधी सदस्यांना दुरुस्त्या सुचविता येतील. शिवाय त्याचा मसुदा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने करावा, अशी पद्धत अवलंबिण्यास कोणतीही संवैधानिक अडचण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतातील पक्षपद्धती आणि पक्षादेशाचे बंधन लक्षात घेता सामूहिक मंडळातही बहुमताचेच राज्य चालेल. त्यापेक्षा पक्षातीत राहण्याचा निदान संकेत असलेला एक अध्यक्ष बरा, असे म्हटले जाईल. हा युक्तिवाद अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणाच्या संकेतावर उभा आहे. ब्रिटनमध्ये अध्यक्षपदी निवड झालेली व्यक्ती पक्षाचा राजीनामा देते. भारतात असा संकेत रूढ झालेला नाही. ज्या संकेताच्या बळावर एकाधिकाराचे समर्थन करावयाचे तो संकेतच दुर्बळ असेल तर समर्थनही दुर्बळ होते. आणि मंडळाची रचना अशी करता येते की, अध्यक्षांव्यतिरिक्तच्या सदस्यांत मंत्र्यांना व सत्तारूढ पक्षाला बहुमत असणार नाही. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी सदस्याकडे देण्याची १९६७ पासूनची प्रथा हे दाखवून देते की, अशा रचना भारतीय संसदेच्या वृत्तीस परक्या नाहीत.

९८ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडान्वये व्हावयाच्या कायद्यात किमान पाच गोष्टी असाव्यात असे या विवेचनावरून निष्पन्न होते. प्रत्येक सभागृहासाठी पीठासीन अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय प्रशासन मंडळ असावे. सचिवालयाचे अंदाजपत्रक त्याने संमत करून थेट सभागृहापुढे ठेवावे. महासचिवांची नेमणूक मंडळाच्या संमतीने व निश्चित मुदतीसाठी व्हावी, आणि सचिवालयीन सेवेतील अधिकाऱ्यांना त्यासाठी खरी संधी असावी. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी पीठासीन अधिकाऱ्याहून स्वतंत्र असे अपील मंडळ असावे. आणि मंडळाचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे येऊन त्यावर चर्चा व्हावी. कार्यपद्धतीविषयक निर्णय, म्हणजे सूचनांची ग्राह्यता, सभागृहातील शिस्त व नियमांचा अर्थ, हे या मंडळाच्या कक्षेबाहेर राहून पूर्ववत अध्यक्षांकडेच असावेत. प्रशासन आणि पीठासन यांची अशी विभागणी केल्याने अध्यक्षपदाची प्रतिष्ठा कमी होणार नाही. उलट आस्थापनेच्या वादांपासून ते मुक्त राहील.

हाच प्रश्न राज्यांच्या पातळीवरही उभा आहे. १८७ वा अनुच्छेद राज्य विधानमंडळांना ९८ व्या अनुच्छेदासारखीच तरतूद लागू करतो, आणि महाराष्ट्रासारख्या द्विसदनी राज्यात दोन्ही सभागृहांसाठी एकच विधानमंडळ सचिवालय काम करते. दोन पीठासीन अधिकारी व एक सचिवालय ही रचना प्रत्यक्षात कशी चालते, मतभेदाच्या वेळी कोणाचा शब्द अंतिम ठरतो आणि सदस्यांचा त्यात कितपत सहभाग असतो, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत व्हावयास हवा. त्यासाठी विधानमंडळाची कार्यवृत्ते, सेवानियम आणि अर्थसंकल्पीय मागण्या ही साधने संशोधकांना उपलब्ध आहेत.

विठ्ठलभाई पटेल यांनी १९२९ मध्ये जे मिळविले ते संपूर्ण सभागृहासाठी मिळविले होते. अध्यक्ष त्याचे विश्वस्त होते. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो. तो कोणाला व कसा द्यावा हे ठरविण्याचा अधिकार संविधानाने १९५० मध्येच संसदेच्या हाती दिला आहे. त्याचा वापर करण्यास संविधानात दुरुस्ती करण्याचीही आवश्यकता नाही. साध्या बहुमताने संमत होणारा एक कायदा त्यास पुरेसा आहे.